काही जाणार नाही

कोपरीपासून टिटवाळ्यापर्यंत मी किती घरांत गेलो असेन ते कधी मोजलं नाही, पण प्रत्येक घरात माझं एक वाक्य ठरलेलं होतं. सेट-टॉप डबा बदलायचा असो, टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यायचा असो की गच्चीतून नवी वायर ओढायची असो, घरातलं कोणीतरी काळजीने विचारायचंच, "आमचं काही जाणार नाही ना हो?" आणि मी स्क्रू ड्रायव्हर फिरवत, वर न बघता म्हणायचो, "काही जाणार नाही." पुढे ताई, काका, मावशी, जे असेल ते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते खरं आहे की नाही हे तपासायची गरज मला बरीच वर्षं वाटली नाही.

मी डिश टीव्हीचा तंत्रज्ञ. कंपनीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, लोक मात्र 'डिशवाला' म्हणायचे आणि तेच बरोबर होतं. आधी केबलवाल्याकडे होतो, मग डिश आली तेव्हा एका कंत्राटदाराकडे लागलो, कंपनीचा शर्ट मिळाला आणि त्याच शर्टात गेल्या वर्षी निवृत्त झालो. शर्ट चार झाले असतील, एवढंच. माझ्या कामाबद्दल मला एका गोष्टीचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. मी टाकलेली वायर कुठे लोंबकळताना दिसणार नाही. वीतभर अंतरावर एक क्लिप, कोपऱ्यात गोलाई, दाराच्या चौकटीला लागून सरळ रेघ. कल्याणात एखाद्या घरी गेलो आणि तशी वायर दिसली की मी मनात म्हणायचो, इथे आपण येऊन गेलोय.

काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही. गच्चीत छत्री लावायची, ती आकाशातल्या एका ठरलेल्या जागेकडे वळवायची, तिच्यातून वायर खाली आणायची आणि डब्याला जोडायची. छत्री बोटभर हलली तरी पडदा काळा होतो. बाकी सगळा संयम माणसांशी ठेवावा लागतो.

डब्यात रेकॉर्डिंग आलं तेव्हा तर फारच संयम लागला. साधा डबा आलेलं दाखवतो आणि विसरतो. रेकॉर्डिंगच्या डब्यात एक डिस्क असते, तिच्यावर कार्यक्रम साठवून ठेवता येतो. एक चॅनल बघता बघता दुसरं साठवायचं तर छत्रीवरून एकाऐवजी दोन वायरी आणाव्या लागत. लोक विचारायचे, दोन कशाला, आमचा टीव्ही तर एकच आहे. सगळ्यांना समजावून सांगावं लागे आणि शेवटी दोन्ही वायरी सुबक दिसतील असं वचन दिलं की परवानगी मिळे.

कोपरीत मोकाशीकाका म्हणून एक गृहस्थ होते. पेन्शनर, बंडी घालून खुर्चीत बसलेले. त्यांची तक्रार अशी की डबा रोज रेकॉर्डिंग लावूनही काही साठवत नाही. मी गेलो, तपासलं, सगळं ठीक. आठवड्याने पुन्हा फोन. पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चहा घेत बसलेलो होतो आणि काकांच्या पत्नी, मोकाशीमावशी, देवळात निघाल्या. चपला घालताना त्यांचा हात आपोआप भिंतीवर गेला आणि टीव्हीचं नि डब्याचं मिळून असलेलं बटण बंद झालं. घराबाहेर पडताना बटणं बंद करायची, हा त्यांच्या हाताचा तीस वर्षांचा सराव. त्याला मोकाशीकाकाही जबाबदार होते, कारण सुरुवातीला त्यांनीच तो लावलेला. मी बटणावर चिकटपट्टी लावली. पुढच्या खेपेला पट्टी जागेवर होती, बटण पट्टीसकट बंद होतं. शेवटी मी डब्याची पिन स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी नेली, कारण आपल्या घरांत फ्रिजचं बटण कोणी बंद करत नाही. हॉलपर्यंत वायर क्लिपांनी नेली. त्यानंतर तक्रार आली नाही.

तक्रार आली नाही म्हणजे त्या प्रकारची आली नाही. वर्षभराने काकांची डिस्क भरली. ते काही पुसायला तयार नव्हते आणि काही बघतही नव्हते. मी विचारलं, काका, यातलं किती बघून झालं? ते म्हणाले, बघायचंय अजून. मग बाहेरून जोडायची डिस्क आली, सिगारेटच्या पाकिटापेक्षा थोडी मोठी, ती त्यांना जोडून दिली. ती भरली तर दुप्पट मावेल अशी दुसरी. दर वेळी मी म्हणायचो, आता आयुष्यभर पुरेल, आणि दर वेळी ती दीड-दोन वर्षांत भरायची. असे बरेच लोक होते. त्यांना बघायचं नसायचं, आपल्याकडे आहे हे माहीत असलं की पुरायचं. "आत आहे" असं म्हणायचे ते. मी हसायचो. पण आत आहे असं म्हणत निर्धास्त राहायची सवय त्यांना लावण्यात माझाही हात होता.

आता शैलाताईंची गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच मी लिहायला बसलोय.

डोंबिवली पश्चिमेला, तळमजल्यावरच्या एका खोलीत शैलाताई ब्लाऊज शिवायच्या. खिडकीशी मशीन, मशीनच्या समोर टीव्ही, आणि मशीनच्या दांड्याला दोरीने बांधलेला रिमोट. रिमोट बांधलेला का, हे मला पहिल्यांदा गेलो तेव्हा कळलं नाही. मी काम करत होतो आणि त्या मालिका बघत शिवत होत्या. मालिकेत लग्न चाललेलं. नवरी पाठमोरी झाली आणि शैलाताईंनी खटकन चित्र थांबवलं. मग मशीन सोडून त्या टीव्हीजवळ गेल्या, नवरीच्या पाठीकडे डोळे बारीक करून बघितलं, खडूने कापडावर दोन रेघा ओढल्या आणि पुन्हा येऊन बसल्या.

त्यांनी कुठे शिवणाचा कोर्स केलेला नव्हता. गळा, पाठ, बाही, नाड्या, लटकन, सगळं त्या टीव्ही थांबवून शिकलेल्या. गिऱ्हाईक बायका यायच्या आणि म्हणायच्या, त्या अमक्या मालिकेत थोरल्या सुनेने हळदीला घातलेलं तसं हवं. शैलाताई डिस्कवरून तो भाग काढायच्या, थांबवायच्या आणि गिऱ्हाइकाला दाखवून विचारायच्या, हेच ना? मग वर्तमानपत्राचा कागद थेट टीव्हीच्या काचेवर धरायच्या. मागून उजेड येतो, त्यात पाठीचा आकार कागदावर उमटलेला दिसतो, तो पेन्सिलीने गिरवायचा आणि मापाने मोठा करायचा. पंचवीस वर्षं टीव्हीच्या धंद्यात काढून मी टीव्हीचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही.

म्हणून त्यांच्या डिस्कवर फक्त लग्नं होती. भांडणं, कट, अपघात, सगळं त्या पुसून टाकायच्या आणि लग्नं तेवढी ठेवायच्या. साखरपुडे, हळदी, मेंदी, सप्तपदी. काही भागांवर त्यांनी लॉक लावलेलं होतं, म्हणजे चुकूनही पुसले जाऊ नयेत. त्यातला एक भाग तन्वीचा होता.

तन्वी त्यांच्याच गल्लीतली. शाळेचा ड्रेस सैल करून घ्यायला आईबरोबर आली होती तेव्हा टीव्हीवर एका नवरीचं गर्द हिरवं ब्लाऊज दिसलं, पाठीवर मोराच्या पिसाऱ्यासारखी कापलेली सात पानं आणि मध्ये एक मणी. पोरगी बघतच राहिली. माझ्या लग्नात मला हेच हवं, असं म्हणाली. शैलाताई म्हणाल्या, ठेवते तुझ्यासाठी. आणि खरंच ठेवलं. मुलगी कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तो भाग लॉक लावून आत होता.

तिचं लग्न ठरलं तेव्हाच शैलाताईंची डिस्क काठोकाठ भरली होती आणि कंपनीची योजना आलेली, जुना डबा द्या आणि नवा घ्या, नव्यावर मोठी डिस्क चालते. त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, नवा डबा लावतो, मोठी डिस्क तुम्ही नंतर आणा, तोवर जुनीच चालेल. त्यांनी विचारलं, "पाटकरभाऊ, माझी लग्नं जाणार नाहीत ना?"

मी म्हटलं, "काही जाणार नाही, ताई. डिस्क तर बाहेर आहे. डबा म्हणजे नुसतं दार."

त्या दिवशी जुन्या डब्यापासून सुटलेली डिस्क कापडाच्या गठ्ठ्यांमागे कुठेतरी अडकलेली होती. मी पाच मिनिटं थांबून ती जोडून बघायला हवी होती. पण पुढचं काम आंबिवलीला होतं, म्हणून नंतर जोडा असं सांगून जुना डबा पिशवीत टाकला आणि संध्याकाळी गोदामात जमा केला. जुना डबा त्याच दिवशी जमा करायचा असा नियम होता आणि नियम पाळण्यात मी हुशार होतो.

पाचव्या दिवशी शैलाताईंचा फोन आला. डिस्क जोडली, आता टीव्ही काहीतरी विचारतोय, ओके दाबू का? मी आंबिवलीतच एका गच्चीवर होतो. सवयीने माझ्या तोंडात 'दाबा' आलेलं. ते गिळून म्हटलं, काय लिहिलंय ते नीट वाचून सांगा. त्यांनी एकेक शब्द लावत वाचलं. ही डिस्क या डब्यासाठी तयार करावी लागेल, तयार करताना आधीचं सगळं पुसलं जाईल.

मी म्हटलं, "ताई, काही दाबू नका. रिमोट खाली ठेवा. डिस्क काढून कापडात गुंडाळा आणि मी येईपर्यंत हात लावू नका."

गच्चीवर उभ्या उभ्या मला जे कळलं ते मला आधी कळायला हवं होतं, कारण ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. रेकॉर्ड केलेलं कोणी नक्कल करून विकू नये म्हणून डबा ते कुलूप लावूनच डिस्कवर ठेवतो आणि किल्ली डब्याच्या पोटात असते. दुसरा कुठलाही डबा, अगदी त्याच कंपनीचा, ते उघडू शकत नाही. मी ज्याला दार म्हणालो होतो ती किल्लीच होती आणि ती मी स्वतःच्या हाताने देऊन आलेलो.

संध्याकाळी डोंबिवलीला गेलो. तन्वीची आई तिथेच बसलेली, मांडीवर हिरव्या खणाचं कापड. लग्नाला तीन आठवडे होते. मी खरं काय ते सांगितलं. शैलाताई माझ्यावर चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कापडाकडे बघत राहिल्या. तन्वीच्या आईने विचारलं, मोबाईलवर नाही का मिळणार? तेही शोधून झालेलं होतं. ते चॅनल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, मालिकेचे काही तुकडे मिळत होते पण त्यात नवरीचा चेहराच दिसत होता. शैलाताई म्हणाल्या, "आत आहे म्हणून मी कधी काढूनच ठेवलं नाही हो. पोरीला आठ वर्षं सांगतेय, तुझं माझ्याकडे आहे म्हणून."

मला त्या क्षणी फार लाज वाटली. इतकी वर्षं लोक माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवत आलेले आणि मी ते वाक्य वायर कापण्याइतक्या सहज बोलत आलेलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गोदामात गेलो. तिथे बेन्नी गोन्साल्विस म्हणून स्टोअरकीपर होता, किनाऱ्याकडचा, कागदांच्या बाबतीत माझ्याहून काटेकोर. माझी एक सवय कामी आली. ॲप आलं तरी मी प्रत्येक डब्याचा नंबर माझ्या डायरीत लिहायचो. तो नंबर बेन्नीला दिला. त्याने रजिस्टरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "पाटकर, तुझा डबा धुतला, पुसला, गेला पण." जुने डबे हवा मारून स्वच्छ करतात, नवं लेबल लावतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, पोटातली किल्ली तशीच राहते. तो डबा दोनच दिवसांपूर्वी टिटवाळ्याला एका घरी बसवलेला. पत्ता द्यायचा नियम नव्हता. बेन्नीने रजिस्टर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि चहा सांगायला बाहेर गेला.

टिटवाळ्यात स्टेशनपासून लांब, नव्या बिल्डिंगींच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावर भोईर आजी राहायच्या. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उठलेली. मुलगा आणि सून कामावर, दिवसभर घरात आजी आणि टीव्ही. मी बेल वाजवली, शर्ट दाखवला, आणि आजी, तुमचा डबा दोन दिवस द्याल का, दुसरा आणून लावतो, असं म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"परवाच लावला नं? मंग काढतंस कशाला?"

दुसऱ्यांदा खोटं सुचेना, मग सगळं सांगून टाकलं. डिस्क, लग्नं, हिरवं ब्लाऊज, तन्वी. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डबा नाय देनार मी. माजी दुपारची सीरियल हाय. तिलाच हितं घेऊन ये. टीवी काय पलून जात नाय."

मला हे सुचलंच नव्हतं. आम्हा लोकांना डबे इकडून तिकडे न्यायची सवय.

दुसऱ्या दिवशी शैलाताई माझ्याबरोबर टिटवाळ्याला आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रं, कात्री, टेप, खडू, आणि मधोमध ब्लाऊजच्या अस्तरात गुंडाळलेली डिस्क. मी ती डब्याला जोडली. पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. आजी म्हणाल्या, काय बिघडला काय, आणि मी वायर पुन्हा दाबून बघितली. मग एकदम यादी आली. खाली, खाली, खाली, सगळी लग्नं. तन्वीच्या भागापुढे कुलपाची खूण तशीच होती. शैलाताईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच वर्तमानपत्र उलगडलं.

हिरव्या ब्लाऊजची नवरी वळली, शैलाताईंनी चित्र थांबवलं आणि कागद काचेवर धरला. मी कडा धरल्या, त्यांनी पानं गिरवली. मागून आजींचा आवाज आला, "थांबव नको गं पोरी. पुढं काय झाला त मना बगाचा हाय." शैलाताईंनी समजावलं की आधी पाठ काढते, मग सगळं लावते. पण पुढच्या पाठीला पुन्हा तेच. शेवटी असं ठरलं की एक भाग आजींसाठी न थांबवता आणि मग तोच भाग शैलाताईंसाठी थांबवून. त्यामुळे तासाभराचं काम दिवसभर चाललं.

दुपारी हळदीचा एक भाग लागला. टीव्हीवर सगळे जोरजोरात नाचत होते. आजींनी तोंड वाकडं केलं. "हलदीला कोनी गातच नाय. नुसती नाचतान." मग त्यांनी आवाज बंद करायला सांगितला आणि स्वतःच गायला सुरुवात केली. आजी धवलारीण होत्या. आगरी लोकांच्या लग्नात विधी चालवताना गाणी म्हणणारी जी बाई असते, ती. त्या गाण्यांना धवला म्हणतात, कुठल्या विधीला कुठलं म्हणायचं ते ठरलेलं असतं आणि ते सगळं तोंडपाठ असतं. आजूबाजूच्या गावांतली शेकडो लग्नं त्यांनी लावलेली. आता मांडवात डीजे असतो, तेव्हा त्यांना कोणी बोलावत नाही, बोलावलं तर घाई करतात. टीव्हीवरच्या मुक्या नवरीला हळद लागत होती आणि आजी डोळे मिटून तिच्यासाठी गात होत्या. शैलाताईंची कात्री थांबलेली.

ब्लाऊज वेळेवर झालं. मी लग्नाला गेलेलो. सात पानं, मध्ये मणी, आणि तन्वी सगळ्यांना पाठ दाखवत फिरत होती. डिस्क मात्र टिटवाळ्यालाच राहिली. शैलाताईंनीच ठरवलं. त्या डब्याशिवाय ती चालणार नव्हती, आणि त्यांनी हव्या त्या पाठींचे फोटो मोबाईलवर घेऊन ठेवले होते. "तिथेच असू दे," म्हणाल्या. पण महिन्यातून एकदा तरी त्या टिटवाळ्याला जायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, एक बाही बघायची राहिली होती. आजींच्या घरी आता शेजारच्या बायकाही जमायच्या. टीव्हीचा आवाज बंद करून लग्न लावायचं आणि आजींनी गायचं, अशी पद्धतच पडली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात नवं फर्मान आलं. जुने रेकॉर्डिंगचे डबे परत घ्यायचे. त्यांच्या जागी छोटा डबा, इंटरनेटला जोडायचा. त्यात डिस्क लागत नाही, रेकॉर्ड काही करायचंच नसतं, हवं ते वरून मागवायचं. वर जे ठेवलेलं असेल तेच येणार, हे यादीतल्या गिऱ्हाइकांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कंपनीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. डबे खरंच जुने झाले होते आणि ठरलेल्या तारखेनंतर त्यांच्यावर चित्र येणार नव्हतं. माझ्या यादीत भोईर आजींचं नाव होतं.

मी गेलो. नवा डबा पिशवीतून काढला नाही. आजींनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, माजी लगनं जानार नाय नं?

माझं वाक्य तयारच होतं, पण या वेळी ते बाहेर आलं नाही. मी म्हटलं, "जाणार, आजी. सगळी जाणार."

इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा म्हटलं. आजींनी विचारलं, "कवा?" मी तारीख सांगितली. आठ दिवस होते. "मंग आठ दिवस हायत," त्या म्हणाल्या आणि शैलाताईंना फोन लावून दे म्हणून सांगितलं.

आमच्या ॲपवर प्रत्येक कामापुढे त्या दिवशी काय झालं ते टाकावं लागतं. काम झालं, गिऱ्हाइकाने नकार दिला, ग्राहक घरी नाही, असे तीन-चार पर्याय. नकार टाकला तर कार्यालयातून फोन येतात, दुसरा माणूस येतो. मी 'ग्राहक घरी नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नोकरीत मी खोटी नोंद कधी केली नव्हती, तेवढ्या एका आठवड्यात मात्र रोज केली. आणि दर दिवशी दुपारी वाट वाकडी करून टिटवाळ्याला जात होतो, कारण मलाही ऐकायचं होतं.

आठव्या दिवशी गेलो तेव्हा घरात बसायला जागा नव्हती. बायका, पोरं, सोफ्यावर, जमिनीवर, दारात. टीव्हीवर शेवटचं एक लग्न मुकं चाललेलं, आजी गात होत्या. शैलाताईंनी त्यांचा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. आठही दिवस तो तसाच असायचा आणि मला वाटायचं, टीव्हीचं चित्र घेतायत, जाणार म्हणून. त्या दिवशी जवळ जाऊन बघितलं तर मोबाईलचा कॅमेरा टीव्हीकडे नव्हता, आजींकडे होता.

मी हळू आवाजात म्हटलं, ताई, टीव्हीवरचं जाणार आहे आज.

"जाऊ दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मालिकेतली लग्नं रोज लागतात. आजींचं गाणं कुठे आत आहे?"

तेवढ्यात त्यांचा मोबाईल थांबला. जागा भरली, असं पडद्यावर आलेलं. आठ दिवसांचं गाणं मावेल एवढी जागा त्यात नव्हतीच. आजींचे डोळे मिटलेले होते, त्या अजून गात होत्या. मी खिशातून माझा मोबाईल काढला. ॲप उघडून 'ग्राहक घरी नाही' दाबलं आणि रेकॉर्डिंग चालू करून तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.